जुन्या घराचे कलादालन करताना प्रवेश कसा असावा? वसरी, उंबरठा आणि काचेचे दार

वसरी_डिचोली

नमस्कार. डिचोली तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या पुढच्या भागात लहानसे कलादालन सुरू करण्याचे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. तिथे तीन प्रकारची कामे असतील: गोव्यातील देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवरील कावीकामाची, म्हणजे तांबड्या मातीचा थर खरवडून केलेल्या नक्षीची, कागदावर उतरवून घेतलेली रेखाटने, आजच्या चित्रकारांची जलरंगातील कामे, आणि मातीची व दगडाची काही शिल्पे. बाकी बरेच ठरले आहे. आम्ही अडलो आहोत ते प्रवेशापाशी.

घर पश्चिमाभिमुख आहे. अंगणापासून जोते ४५ सेंटीमीटर उंच असून चढायला चिऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. वर सात फूट खोल वसरी, म्हणजे ओसरी आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना बसायचे सोपे, म्हणजे कट्टे आहेत. वसरीतून आत जाण्यासाठी फणसाच्या लाकडाची चौकट आणि साडेतीन फूट रुंदीचे दुहेरी दार आहे. उंबरठा ११ सेंटीमीटर उंच आहे. आत गेल्यावर एक अंधारी खोली लागते, जिला घरात चौकी म्हणतात. तिच्यापुढे उघडे राजांगण आहे आणि त्याच्या भोवती खोल्या आहेत. गाड्या लावायला जागा मात्र घराच्या मागे, भाटाच्या (माडांच्या बागेच्या) बाजूला आहे.

आमच्या ठेकेदाराचे म्हणणे असे की चौकट काढून आठ फूट रुंद काचेचे दार बसवावे, उंबरठा काढून टाकावा आणि पायऱ्यांवर ग्रॅनाइट घालावे, कारण आतले दिसले नाही तर लोक आत येत नाहीत. त्यांची ही काळजी मला खोटी वाटत नाही. मागच्या चवथीला आम्ही चार दिवस चौकीत थोडी चित्रे लावली होती. अंगणापर्यंत पुष्कळ लोक आले, पण कित्येकांनी तिथूनच मान उंचावून पाहिले, काहींनी “आत गेलं तर चालेल ना?” असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता परतही गेले. दार तर सताड उघडे होते.

आणखी एक लहान गोष्ट आहे, ती विषयाशी संबंधित आहे की नाही हे मला ठाऊक नाही. सर्वांत खालच्या पायरीचा डावा कोपरा इतका झिजला आहे की चिऱ्याची खरखर तिथे हाताला लागतच नाही, आणि बाकीची पायरी मात्र जशीच्या तशी खडबडीत आहे. ये-जा तर मधूनच होते. ठेकेदार म्हणतात, ती पायरी बदलावीच लागेल.

काचेचे दार करावे का, उंबरठ्याचे काय करावे, आणि लोक अंगणातच थांबतात त्यावर रचनेतून काही उपाय आहे का, यावर जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चिरेबंदी_फोंडा

ताई, मी वास्तुरचनेच्या व्यवसायात आहे आणि जुन्या घरांची कामे बरीच वर्षे करतो आहे. काचेबद्दल आधी सांगतो, कारण चौकट एकदा निघाली की ती परत येत नाही.

काचेतून आतले दिसते ते रात्री, आत दिवे असताना. दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी असला की काच आरशासारखी वागते, आणि अंगणात उभ्या असलेल्या माणसाला चित्रांऐवजी स्वतःचे प्रतिबिंब, माड आणि आभाळ दिसते. तुमचे घर पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे दुपारी तीननंतरचे ऊन थेट त्या काचेतून चौकीत उतरेल. जलरंगांना हे ऊन बाधते आणि खोलीही तापते. उघडे लाकडी दार आणि त्याच्या मागे नीट प्रकाश टाकलेली एकच वस्तू यातून जे आमंत्रण मिळते, ते आठ फूट काचेतून मिळत नाही.

प्रवेश म्हणजे दाराची चौकट एवढाच विचार आपण सहसा करतो. कलादालनात प्रवेश हे एक अंतर असते, आणि त्या अंतरात डोळ्यांना, पायांना आणि मनाला आपापले काम उरकायला वेळ मिळावा लागतो. भर दुपारी आपल्या अंगणात सुमारे १,००,००० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) प्रकाश असतो. कागदावरच्या जलरंगांवर ५० लक्सहून अधिक प्रकाश टाकू नये, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. उन्हातून थेट ५० लक्सच्या खोलीत आणलेल्या माणसाला पहिली काही मिनिटे चित्र काळवंडलेलेच दिसते, आणि तो तेवढे पाहून पुढे सरकतो. डोळे मंद उजेडाला सरावायला मिनिटे लागतात, सेकंद पुरत नाहीत, म्हणून मधल्या जागांमध्ये माणसाने रेंगाळावे असे काहीतरी असावे लागते. तुमच्या वसरीत सोपे आहेत. बसायची जागा दाराच्या बाहेर असणे ही फार मोठी सोय आहे, आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांच्या बलकांवांतही (दारासमोरच्या बैठकीच्या ओसरीतही) नेमकी हीच सोय असते: घरात न शिरताही माणूस घरी आलेला असतो.

तुमच्या घरात एक अडचण मात्र मला दिसते. चौकीत डोळे निवतात न निवतात तोच पुढे राजांगणाचा लख्ख उजेड येतो आणि सगळा सराव पुसला जातो. म्हणून राजांगणाच्या कडेने शिल्पे ठेवावीत. कावीकामाचा एखादा नमुना चुन्याच्या गिलाव्यावर नव्याने करून घेतलात तर तोही तिथे शोभेल, कारण चुन्यावरच्या तांबड्या काव-मातीचा रंग उजेडाने उडत नाही, आणि वरचा तांबडा थर खरवडून खालचा पांढरा कसा उघडा करतात हे तिरप्या उन्हात उत्तम कळते. कागदावरची कामे राजांगणाच्या पलीकडे नेण्याऐवजी चौकीतूनच उजवी-डावीकडे वळून जाता येईल अशा खोल्यांत न्यावीत.

आता गाड्यांची गोष्ट. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे वास्तुरचनाकार लुई कान यांनी बांधलेले किंबेल कलासंग्रहालय १९७२ मध्ये उघडले. पश्चिमेकडून त्याचा प्रवेश असा आहे की माणूस झाडांच्या राईतून, पाण्याच्या हौदांजवळून, पायाखाली खडी वाजवत दारापाशी पोचतो. पण गाड्या पूर्वेला लागत असल्यामुळे बहुतेक लोक वर्षानुवर्षे मागच्या बाजूने, खालच्या मजल्यावरूनच आत जात राहिले आणि ती राई त्यांना लागलीच नाही. २०१३ मध्ये वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांनी समोर नवी इमारत उभारली तेव्हा वाहनतळ तिच्या खाली घेतला, जेणेकरून लोक वर येताच कान यांच्या दर्शनी बाजूसमोर यावेत. तुमच्याकडे उपाय इतका खर्चिक नाही. गाड्या मागेच लागू द्या, पण घराच्या कडेने पुढच्या अंगणापर्यंत सावलीची, रात्री दिवा असलेली पायवाट करा आणि मागचे दार पाहुण्यांसाठी बंद ठेवा. पायवाट आखली नाही तर लोक जवळचे दार शोधणारच.

पावसाचेही इथेच बोलतो. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि झड येते ती पश्चिम-नैऋत्येकडून, म्हणजे थेट तुमच्या वसरीवर. व्हेनिसमधील क्वेरिनी स्टाम्पालिया या संस्थेच्या तळमजल्याचे काम वास्तुरचनाकार कार्लो स्कार्पा यांनी १९६३ मध्ये पूर्ण केले. भरतीचे पाणी आत येणार हे त्यांनी गृहीतच धरले, त्याला यायला आणि जायला वाट ठेवली, आणि माणसांची चालायची पट्टी तेवढी कडा देऊन उचलून घेतली. वसरीबाबत मी हेच सुचवेन. तिला काचा लावून पाऊस अडवू नका. जमिनीला बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या, दाराच्या अलीकडे जाळी घातलेली पन्हळ काढा, आणि पावसाळ्यापुरते पागोळ्यांपासून खाली माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधा, जसे आपल्या आज्या-पणज्या बांधत होत्या. पायऱ्यांवर चकचकीत ग्रॅनाइट घालू नका, पहिल्याच पावसात कोणीतरी घसरेल. उघड्या चिऱ्यावर शेवाळ धरते हेही खरे, पण ते घासून काढता येते.

चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार (बारा भाग लांबीला एक भाग चढ) धरला तर ४५ सेंटीमीटर चढायला ५.४ मीटर लांबी लागेल आणि दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर सपाट जागा लागेल. हा उतार वसरीच्या उजव्या टोकाशी, दर्शनी बाजूलाच करा. कठड्याचा तेवढा भाग उघडावा लागेल, पण इलाज नाही. दुहेरी दार पूर्ण उघडले तर ९० सेंटीमीटरहून जास्त मोकळी जागा मिळते, ती पुरेशी आहे.

अडते ते उंबरठ्याशी. ११ सेंटीमीटरच्या उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी १:१२ चे उतार लावायचे म्हटले तर प्रत्येकी १.३२ मीटर लांबी जाते. तुमची वसरी २.१ मीटर खोल, म्हणजे दारासमोर ८० सेंटीमीटरदेखील सपाट उरत नाही, आणि तेवढ्यात खुर्ची वळत नाही. माझा स्वतःचा कल उंबरठा राखण्याकडे आहे, कारण तो घराचा कणा आहे. यावर इतरांचे मत ऐकायला मला आवडेल.

कागदजतन_पणजी

कागद आणि छायाचित्रे जतन करणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून प्रवेशाकडे मी हवेचे दार म्हणून पाहते.

पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरची आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर असते. कागदासाठी ती ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान हवी, आणि ६५-७० च्या वर ती टिकून राहिली की बुरशी धरायला लागते. दार उघडे ठेवून आत कितीही यंत्रे चालवली तरी उपयोग होत नाही. म्हणून पुढचे लाकडी दार दिवसभर उघडे राहू द्यावे आणि चौकीतून कागदाच्या खोल्यांत जाताना दुसरे, आपोआप मिटणारे दार बसवावे. दोन दारांमध्ये एवढे अंतर हवे की चाकाच्या खुर्चीतील माणूस मध्ये पूर्ण मावून, मागचे दार मिटल्यावर पुढचे उघडू शकेल. तुमची चौकी आयतीच ते काम करील, आणि चिरेबंदी सर म्हणतात तो डोळ्यांचा सरावही तिथेच होईल.

छत्र्या मात्र चौकीत येऊ देऊ नयेत. पणजीच्या एका दालनात मी अनेक पावसाळे पाहिले आहेत: छत्र्यांचे भांडे दाराच्या आत ठेवले होते, ऑगस्टपर्यंत त्याच्या मागची भिंत कमरेइतकी ओली झाली आणि भिंतीवरच्या एका रेखाटनाच्या खालच्या कडेला राखाडी ठिपके आले. ते पुसून निघत नाहीत. छत्र्या वसरीतच राहाव्यात, त्यांचे पाणी सरळ पन्हळीत जावे. काथ्याचे पायपुसणे दारापुरते नको, दोन्ही पाय तीन-चार वेळा तरी त्यावर पडतील इतके लांब हवे आणि ते जमिनीत बसवलेले असावे, नाहीतर त्याचीच ठेच लागते.

कामे आणण्याची वाट निराळी ठेवा. त्यासाठी तुमचे मागचे दार योग्य आहे. पेट्या आत आल्यावर निदान एक दिवस न उघडता तशाच राहू द्याव्यात, म्हणजे आतला कागद नव्या हवेला हळूहळू सरावतो.

उंबरठ्याने पाणी आणि किडे-मुंग्या अडतात हे खरे, पण पन्हळ आणि दाराखाली ब्रशची पट्टी असली की तेही काम भागते.

चित्रशिक्षक_साखळी

मी शाळेच्या मुलांना घेऊन दालनांत जातो, त्या अनुभवावरून थोडे लिहितो. चाळीस मुले एकदम कुठेच मावत नाहीत. अर्धी आत जातात तेव्हा उरलेली बाहेर कुठे आणि काय पाहत थांबतील, याचा विचार प्रवेश आखतानाच व्हावा. पणजीच्या आझाद मैदानाजवळील मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशातच पोर्तुगीज चित्रकार जॉर्जी कुलासू यांनी १९३५ मध्ये केलेली निळ्या-पांढऱ्या फरशांवरची चित्रे आहेत, आणि मुले तिथे आपणहून थांबतात, बोटाने दाखवतात, आपसांत वाद घालतात. बाहेर थांबण्याचे त्यांना ओझे वाटत नाही. पणजीतच कांपालच्या कला अकादमीत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी रस्त्याच्या बाजूला छाती दडपणारे दारच ठेवलेले नाही. वर पसरलेल्या मांडवाखालून चालत गेले की आपण आत आलो हे कळण्यापूर्वीच पुढे मांडवी नदी दिसते, आणि म्हणून शाळेच्या गणवेशातली मुलेही तिथे बिचकत नाहीत. तुमच्या वसरीच्या भिंतीवर कावीकामाचा एक पट्टा करून घेतलात तर तेवढे पाहून परत जाणाराही काहीतरी पाहून जाईल.

काव_पेडणे

ताई, मी चित्रकार आहे. तुमच्या प्रश्नातला झिजलेल्या पायरीचा उल्लेख वाचून मी दोन दिवस लिहू की नको या विचारात होतो.

माझे आजोबा मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे होते आणि पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारेही होते. भाटकारांच्या, म्हणजे जमीनमालकांच्या घरी नारळाच्या पाडपाचा हिशेब व्हायचा तेव्हा त्यांना वसरीवर पाय ठेवता येत नसे. ते सर्वांत खालच्या पायरीवर, एका कडेला बसत, कारण मधून घरच्यांची ये-जा असे. कधी अर्धा तास, कधी सकाळची दुपार होई. कंबरेची कोयती काढून ते शेजारी ठेवत आणि एक हात पायरीच्या कोपऱ्यावर टेकवून बसत, असे माझे वडील सांगत. पेज मिळे ती मागच्या दारी. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घरातून काढले जाण्यापासून संरक्षण मिळाले, पण पायरीवर बसण्याची सवय त्यानंतरही गेली नाही. माझे वडील सरकारी नोकरीत होते, तरी त्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला गेले तेव्हा अंगणातच उभे राहिले.

तुमच्या घरची ती पायरी तशीच झिजली असेल असे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण चवथीला अंगणात थांबलेल्या माणसांना आत काय आहे ते दिसत नव्हते म्हणून ती थांबली, असे मला वाटत नाही. दार उघडे होते हे त्यांना दिसतच होते. काही घरांचे दार उघडे असले तरी ते आपल्यासाठी उघडे नाही, हे आमच्याकडे लहानपणीच शिकवले जाई. दरवर्षी आमच्या गावातून लोक आषाढीला पंढरपूरला जातात आणि महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीजवळ, चोखोबांच्या समाधीपुढे डोके टेकतात. देवळाच्या आत ज्यांना घेतले नाही त्यांची समाधी तिथे बाहेर आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. दाराच्या आतले आणि बाहेरचे यांतला फरक आपल्या लोकांना वास्तुरचनेच्या पुस्तकांतून शिकावा लागत नाही.

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. एक, मागच्या दाराने कोणाही पाहुण्याला आत घेऊ नका, ना चाकाच्या खुर्चीतील माणसाला, ना गाडीतून उतरलेल्याला. दुसरा, उंबरठा. चिरेबंदी सरांच्या मताचा मला आदर आहे, पण जो उंबरठा चढून यायचा आमच्या माणसांना धीर होत नव्हता तो घराचा कणा म्हणून तसाच उंच ठेवावा हे मला पटत नाही. तो फेकून द्यावा असेही मी म्हणणार नाही. ते लाकूड तिथेच असावे, पण कोणालाही पाय उचलावा लागू नये. आणि वसरीत सोप्यावर रोज कोणीतरी बसलेले असू द्या, शक्यतो गावातलेच, जे “या, बसा” म्हणेल. पाहायला आलेल्याला विचारावे लागता कामा नये.

चिरेबंदी_फोंडा

काव_पेडणे यांचे लिहिणे मी पुन्हा पुन्हा वाचले. उंबरठ्याबाबतचे माझे मत मी मागे घेतो.

हे करता येते. जुन्या चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू उंबरठ्यात कुसाने (खाचेत बसणाऱ्या टोकाने) बसवलेल्या असतात. चौकटीला वरून आणि बाजूंनी आधार देऊन उंबरठा सोडवायचा, त्याच जागी जमीन ११ सेंटीमीटर आणि खालच्या थराच्या जाडीइतकी आणखी खोदायची, खाली पाणी धरू नये म्हणून चुना-काँक्रीटचा थर देऊन उंबरठा असा उतरवायचा की त्याचा माथा फरशीच्या पातळीला येईल. बाजूंना खाली फणसाचेच तुकडे सांध्याने जोडायचे आणि दाराच्या फळ्यांनाही तळाशी तेवढीच पट्टी वाढवायची. सांधे दिसतील, ते दिसू द्यावेत. खोदाईसाठी तेवढी खोली मिळावी म्हणून जमिनीचा कोबा एका लहान भागात आधी उघडून पाहा. काम मात्र अशा सुताराकडूनच करून घ्या ज्याने जुन्या चौकटी सोडवल्या आहेत.

वसरी_डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, कारण आधी मी म्हापशाला आत्याकडे जाऊन आले. ती ऐंशी वर्षांची आहे. तिला पायरीबद्दल विचारले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही, आणि मग म्हणाली की डाव्या बाजूला सकाळी ऊन येत नसे, म्हणून माणसे तिथे बसत. कोण माणसे, असे मी विचारले. तिने चार-पाच नावे सांगितली. त्यांतल्या दोघांची नातवंडे आजही आमच्या वाड्यावर राहतात.

काचेचे दार होणार नाही, हे ठेकेदारांना कळवले आहे. आंब्याच्या बाजूने पुढच्या अंगणापर्यंतची पायवाट दोरी लावून आखली, तर ती साठ पावलांची भरली. चौकीत दुपारी बारा वाजता मोजणी केली तेव्हा दारापाशी सुमारे ४०० लक्स आणि आतल्या भिंतीशी ६० लक्स मिळाले, म्हणजे कागदाच्या खोल्यांकडे तिथून वळता येईल. उताराची जागा खडूने काढली आहे. तो उजव्या अंगाला येतो, त्यामुळे डाव्या बाजूच्या पायऱ्यांना धक्का लागत नाही.

खालची पायरी आहे तशीच राहील. त्या दोन घरांमध्ये काल संध्याकाळी गेले होते. सोप्यावर बसायला येण्याबद्दल विचारले, तेव्हा एका घरातील आजी म्हणाल्या की आधी उंबरठा खाली जाऊ दे, मग पाहू. सुतार येत्या बुधवारी कोबा उघडायला येणार आहे.